वरण रेशनमध्ये येत नाही

लातूरच्या गंजगोलाईत एखाद्या किराणा दुकानासमोर अर्धा तास उभं राहा. डाळ कशी विकत घेतली जाते ते कळेल. गिऱ्हाईक आधी उघड्या पोत्यात हात घालतं. मूठभर डाळ तळहातावर पसरतं, बोटानं चाळवतं, हाताला पीठ किती लागलं ते बघतं आणि नाकाजवळ नेऊन वास घेतं. वयस्कर बाई असेल तर एक दाणा दाताखाली धरते. कट्‌ असा आवाज आला की डाळ खडखडीत वाळलेली. नुसताच चेपला तर ओल राहिलेली. मग ती विचारते, "लवकर शिजती का?" भावाची गोष्ट त्यानंतर.

घरच्या किंवा गावच्या तुरीची डाळ करून विकायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लातूर-नांदेडकडचे महिला बचत गट, दोन-चार एकर तूर असलेली घरं, मिनी डाळ मिल घ्यावी का या विचारात असलेली तरुण मंडळी. अशा बऱ्याच जणांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. यंत्र कोणतं, अनुदान किती, ब्रँडचं नाव काय, हे सगळं आधी ठरतं आणि त्या मुठीतल्या डाळीचा विचार शेवटी होतो. माझं सांगणं उलटं आहे. आधी मूठ, मग पाकीट. आणि गिऱ्हाईक शोधायला पुण्या-मुंबईला जाण्याआधी आपल्याच तालुक्यात बघा.

तुरीचीच डाळ का, तर आपल्या ताटात रोज लागणारी आणि तरीही विकतच घ्यावी लागणारी ती एक वस्तू आहे. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३पासून तेही मोफत. या धान्यानं आपल्याकडचं जेवण बदलून टाकलं. ज्वारीच्या भाकरीच्या मुलखात पोळी आणि भात रोजचे झाले. पण पिशवीत येतात ते गहू-तांदूळ. सणासुदीला कधी 'आनंदाचा शिधा' आला, २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ मिळाली. तुरीची डाळ त्यातही नव्हती. म्हणजे भात सरकारचा आणि वरण स्वतःच्या खिशातलं. म्हणूनच डाळ घेताना माणूस इतका चोखंदळ होतो आणि इतका हिशेबीही. ऑक्टोबर २०१५मध्ये तूरडाळीनं किलोला २०० रुपये ओलांडले, तेव्हा कितीतरी घरांत वरणात मूग आणि मसूर शिरले. जुलै २०२३मध्ये केंद्रानं ६० रुपये किलोनं 'भारत डाळ' आणली, तीही हरभऱ्याची. तूर महागली की स्वयंपाकघर दुसऱ्या डाळीकडे वळतं, हे भाव ठरवताना सतत डोळ्यांपुढे ठेवा.

आता हिशेब. येळवशीला भज्जीत ओले तुरीचे दाणे पडतात तेव्हा पीक शेतात उभं असतं. संक्रांतीच्या पुढेमागे रास होते आणि मोंढ्यात आवक वाढते. २०२५-२६च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. मोंढ्यातला भाव त्याच्या वर-खाली होत राहतो आणि ऐन आवकेत बहुधा खालीच असतो. समजा तुम्ही तूर ८,०००नं धरली. मिनी मिलमधून क्विंटलला साधारण ७० किलो डाळ हाती येते. उरते ती चुनी, टरफल आणि तूट. म्हणजे डाळीचा नुसता कच्चा माल किलोला ११४ रुपयांवर गेला. भरडाई, तेल, मजुरी आणि वीज मिळून समजा १० रुपये, पिशवी-लेबल ६, वाहतूक ४, फाटलेली-परत आलेली पाकिटं २. झाले १३६. पंचवीस किलो चुनी २० रुपयांनी जनावरांच्या खाद्याला गेली, तर किलोमागे सात रुपये परत आले. म्हणजे १२९ रुपयांना डाळ तुमच्या दारात पडली. नफा अजून धरलेलाच नाही आणि दुकानदाराचं कमिशनही नाही.

या आकड्यांत तुमचे आकडे घाला, पण एक पथ्य पाळा. घरची तूर फुकट धरू नका. त्या दिवशी मोंढ्यात जो भाव होता त्याच भावानं ती विकत घेतली असं वहीत लिहा. पहिल्या वर्षी पैसे सुटल्यासारखे वाटतात आणि दुसऱ्या वर्षी धंदा बंद पडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा या एका ओळीत असतं. शेतानं कमावलेले पैसे डाळीच्या धंद्यानं कमावले असं वाटून जातं.

हिशेबातून दुसरीही गोष्ट दिसते. लातूर ही तुरीची आणि डाळ मिलांची मोठी बाजारपेठ आहे. तिथल्या मिलला उतारा जास्त मिळतो, वीज-मजुरी किलोमागे कमी पडते, चुनीही ठोक जाते. त्यांच्याशी भावात स्पर्धा करायला जाऊ नका, हरणार. तुमच्याकडे आहे ते वेगळं. एका गावची, एका वाणाची, पॉलिश न केलेली, तारीख सांगता येणारी डाळ. त्याचे किलोमागे पंधरा-वीस रुपये जास्त देणारं गिऱ्हाईक आहे, पण पहिल्या कुकरला डाळ नीट शिजली तरच ते दुसऱ्यांदा येतं.

डाळ करताना

पूर्वी घरोघर डाळ व्हायची ती जात्यावर. तुरी निवडायच्या, पाण्याचा हात लावायचा, लाल माती चोळायची, उन्हं द्यायची, भरडायची, सुपानं पाखडायची. शिमग्यानंतरच्या उन्हात अंगण पिवळं होऊन जायचं. मिनी मिलनं यातलं जातं बदललं, बाकीचे टप्पे तेच आहेत. घाई करणारा नेमके हेच टप्पे गाळतो.

सगळ्यात आधी तूर चाळून आकारानं वेगळी करा. कुरुंदाच्या रोलमध्ये बारीक-मोठा दाणा एकत्र गेला की मोठ्याचा चुरा होतो आणि बारीक तसाच सालीसकट बाहेर पडतो. वाणही मिसळू नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बदनापूरला निघालेले बीडीएन-७११ आणि बीडीएन-७१६ हे दोन वाण आपल्याकडे बरेच पेरले जातात. पहिला पांढरा, दुसरा लाल. लाल तुरीची साल डाळीवर थोडी राहिली तरी ठिपक्यांसारखी उठून दिसते, पांढऱ्याची तेवढी दिसत नाही. दोन्ही एकत्र भरडले तर डाळ कितीही चांगली असली तरी गिऱ्हाइकाला ती भेसळीची वाटते.

मग रोलमधून पहिला फेरा. यात दाणा फोडायचा नसतो, सालीला फक्त ओरखडे पाडायचे असतात. ओरखडे पडलेल्या तुरीला गोडं तेल चोळायचं, क्विंटलला अर्ध्या किलोच्या आसपास, आणि ढीग करून रात्रभर झाकून ठेवायचा. तूर आणि साल यांच्यामध्ये चिकाचा एक थर असतो. तो तुरीत जितका चिवट, तितका हरभऱ्यात नसतो. तेल ओरखड्यांतून आत जातं आणि तो थर सैल करतं. मग पसरून उन्हं द्यायची, थोडं पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर झाकायचं, पुन्हा वाळवायचं आणि मग भरडायचं. आभाळ आलं म्हणून एक ऊन कमी दिलं तर साल सुटत नाही. साल सुटत नाही म्हणून रोल आवळला की दाणा झिजतो आणि ती झीज पिठाच्या रूपानं चुनीत जाते. ७० किलोंचे ६५ होतात ते असे. पाच किलो म्हणजे वर धरलेल्या भावानं क्विंटलमागे सहाशेच्या वर रुपये उडाले.

पॉलिशचा प्रश्न इथेच येतो. मोठ्या मिलांत डाळीला पाण्याचा किंवा तेलाचा हात देऊन चकाकी आणतात. तुमची डाळ तशी चमकणार नाही, अंगावर जरा पीठ राहील, रंग फिका दिसेल. चमकदार डाळ बघायची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला ती जुनी वाटते. यावर रंग आणायचा विचारही मनात येऊ देऊ नका. मेटॅनिल यलो नावाचा पिवळा रंग डाळीत आणि बेसनात घालण्याचे प्रकार होतात. तो खाण्याचा रंग नव्हे, विषारी आहे आणि त्यावर बंदी आहे. उपाय साधा आहे. चांगल्या चाळणीनं दोनदा चाळा, पीठ पंख्यावर उडवा आणि पाकिटावर ठळक छापा की डाळ पॉलिश केलेली नाही, म्हणून चमक कमी आहे. सालीचा एखादा तुकडा गिऱ्हाईक चालवून घेतं, उलट त्यावरून डाळ घरची असल्याची त्याला खात्री पटते. खडा मात्र एकही चालत नाही. दाढेखाली खडा आलेल्या घरात तुमचं पाकीट पुन्हा जात नाही. खळं सिमेंटचं किंवा ताडपत्रीचं असेल तर निम्मे खडे तिथेच टळतात. बाकीच्यांसाठी खडे वेगळे करणारी चाळणी घ्या, नाही तर निवडणाऱ्या बायांची मजुरी हिशेबात धरा.

"शिजत नाही" म्हणून आलेली तक्रार

या धंद्यात सगळ्यात जास्त तक्रार शिजण्याची येते, आणि तिची निम्मी कारणं डाळीत नसतात. ती पाण्यात असतात. आपल्याकडे कितीतरी घरांत बोअरचं पाणी आहे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे सगळ्यांना आठवतं. त्याआधी आणि नंतरही हा भाग खोल खोल बोअर घेत गेला आणि ते पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. जड पाण्यातला चुना डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतो. डाळ फुटत नाही, वरण वेगळं आणि पाणी वेगळं राहतं. तीच डाळ जारच्या पाण्यात चार शिट्ट्यांत लोण्यासारखी होते. दुसरं कारण जुनेपणा. उष्ण आणि दमट जागी वर्षभर पडलेली तूर कितीही शिजवा, मधे गोटा राहतो. तिसरं कारण चिंच. आंबट आधी पडलं की डाळ अडून बसते.

तुम्ही काय करायचं? प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका दिवसात भरडलेल्या मालाची, एक वाटी डाळ बाजूला काढायची. तीन वाट्या पाणी, अर्धा तास भिजवण, तोच कुकर, तीच शेगडी. किती शिट्ट्यांत शिजली ते वहीत तारखेपुढे लिहायचं. एकदा बोअरच्या पाण्यात, एकदा जारच्या पाण्यात. जी डाळ जारच्या पाण्यातही अडते ती पाकिटात भरायचीच नाही, बेसनासारखी दळून वेगळी विका किंवा पशुखाद्याला द्या. आणि पाकिटाच्या पाठीमागे चार ओळी छापा: अर्धा तास भिजवा, शिजताना हळद आणि थोडं तेल घाला, बोअरचं पाणी असेल तर पिण्याचं पाणी वापरा, चिंच-आमसूल शिजल्यावर. औशाकडच्या एका गटानं या चार ओळी वेगळ्या चिठ्ठीवर छापून पाकिटात टाकल्या, तेव्हा तक्रारी कमी झाल्या आणि बायका ती चिठ्ठी शेजारणीला दाखवू लागल्या. कोणत्याही जाहिरातीपेक्षा मला ती चिठ्ठी मोलाची वाटते.

गिऱ्हाईक जवळच आहे

शहरात राहणाऱ्या लेकीला किंवा भावाला आपण दरवर्षी डाळीचा डबा पाठवतो. तिथून ओळखीचे विचारतात आणि 'पुण्यात खूप मागणी आहे' असं वाटू लागतं. मागणी आहे, पण पार्सलचा खर्च, उशीर आणि फाटलेली पिशवी या तीन गोष्टी छोट्या धंद्याला सोसत नाहीत. आधी घराजवळ बघा.

'लातूर पॅटर्न'मुळे शिकायला आलेली बाहेरगावची हजारो मुलं लातुरात राहतात. नांदेडलाही शिकवण्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या मेसमध्ये दिवसातून दोनदा वरण शिजतं. मेसवाल्याला चमक नको असते. त्याला लवकर शिजणारी, फुगणारी, पातेल्यात दाट होणारी आणि दर महिन्याला तशीच येणारी डाळ हवी असते. त्याच्याकडे पाच किलो डाळ घेऊन जा आणि त्याच्याच पातेल्यात, त्याच्याच पाण्यात शिजवून दाखवा. पटलं तर तो पन्नास-पन्नास किलो घेतो आणि त्याला छापील पाकीटही लागत नाही. अडचण उधारीची. मुलांची फी महिन्याच्या सुरुवातीला येते, त्या तारखेला वसुली ठरवून घ्या आणि एका महिन्याच्या मालापेक्षा जास्त उधारी चढू देऊ नका. नातं कितीही गोड असलं तरी दुसरा महिना पहिल्याचे पैसे आल्यावरच.

किराणा दुकानात पाव किलो आणि अर्धा किलोची पाकिटं ठेवा. हातावर पोट असलेलं घर महिन्याची डाळ एकदम घेत नाही, आठवड्याच्या बाजाराला पाव किलो घेतं. दोन-पाच किलोची पिशवी नोकरदारांसाठी, पगाराच्या आठवड्यात. एक आणखी करा: दुकानात पारदर्शक बरणीत उघडी डाळ ठेवायला सांगा. मूठ भरून बघितल्याशिवाय न घेणाऱ्या गिऱ्हाइकाला बंद पाकीट म्हणजे झाकलेली वस्तू. बरणीत हात घालू द्या, मग पाकीट हातात द्या.

नांदेडला सचखंड हजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून यात्रेकरू येतात. त्यांना डाळीपेक्षा हळद न्यायला सोपी. अर्धापूर-मुदखेडचा पट्टा हळदीचा, शेजारच्या वसमतची हळद तर भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे आणि वसमतलाच हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. ज्या गटाकडे डाळ आहे त्यानं हळकुंडं घेऊन पावडरही करावी असं मला वाटतं, कारण वरणाला दोन्ही लागतात. पण हळदीतला धोका मोठा आहे. रंगासाठी काही ठिकाणी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं विष, घातलं जातं. म्हणून तयार पावडर विकत घेऊन आपल्या पिशवीत भरायची नाही. हळकुंडंच घ्यायची आणि आपल्यासमोर दळून घ्यायची. गिऱ्हाइकाला घरी करता येईल असं एक निरीक्षण सांगा: पाण्याच्या ग्लासात चमचाभर हळद न ढवळता टाकायची. शुद्ध हळद हळूहळू तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं होतं. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर शंका घ्यायची. वर्षातून एकदा प्रयोगशाळेचा अहवाल काढा आणि त्याची प्रत दुकानदाराकडे ठेवा.

कागदपत्रं

पाकिटात भरून विकायचं म्हटलं की तीन दारं. पहिलं अन्नसुरक्षेचं. २००६च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली छोट्या उत्पादकालाही नोंदणी लागते. कित्येक वर्षं १२ लाखांपर्यंत वार्षिक उलाढालीला साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क, त्यापुढे परवाना, अशी पद्धत होती. या मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी 'फॉस्कॉस' पोर्टलवर चालू नियम बघा किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारा. अर्ज स्वतः भरता येतो. शंभर रुपयांच्या कामाला दोन-अडीच हजार घेणाऱ्या एजंटची गरज नाही. मिळणारा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा.

दुसरं दार वजनमापाचं, म्हणजे वैधमापन शास्त्र विभागाचं. काटा तपासून शिक्का मारलेला हवा. आधीच वजन करून पाकिटं भरणाऱ्यानं काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून नोंदणी करायची असते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. पाकिटावर डाळीचं नाव, भरणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, भरल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन, आणि २०२२पासून प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव हे लागतं. अन्नसुरक्षेच्या बाजूनं घाण्याचा क्रमांक, कधीपर्यंत वापरावी ती तारीख, हिरवा ठिपका. लेबल छापण्याआधी कच्चा नमुना दोन्हीकडे दाखवून घ्या. पाच हजार पिशव्या छापून झाल्यावर चूक सापडली तर ती रद्दीच. तिसरं दार जीएसटीचं. जुलै २०२२पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद डाळीवर ५ टक्के कर आहे. नुसत्या मालाची विक्री राज्यातल्या राज्यात ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, पण दुकानदाराशी बोलताना हा कर मनात असू द्या.

नाव ठेवताना एक काळजी घ्या. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांनाही त्याच सुमारास मिळालं. याचा अर्थ लातूर जिल्ह्यातल्या कोणीही पाकिटावर 'बोरसुरी' छापावं असा नाही. ते नाव त्या भागातल्या तुरीचं आहे आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यालाच ते वापरता येतं. तुमची तूर त्या शिवारातली असेल तर नोंद करून घ्या, नसेल तर आपल्या गावाचं नाव लिहा. चाकूर, लोहा, मुखेड, कंधार, कोणतंही नाव डाळीवर शोभून दिसतं आणि ते खरं असतं.

अनुदानाबद्दल. जून २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत यंत्रसामग्रीच्या खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. किमान १० टक्के पैसे तुमचे, बाकीचं बँकेचं कर्ज. बचत गटाच्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाचीही तरतूद आहे. योजनेची मुदत २०२५-२६पर्यंत वाढवली होती, त्यामुळे अर्जाआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आजची स्थिती विचारा. प्रकल्प अहवाल करून द्यायला कृषी विभागानं जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या आहेत. त्यांचा मोबदला सरकार देतं, तुम्ही द्यायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अनुदान रोख हातात येत नाही. ते बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतं आणि कर्जाचे हप्ते नीट जाऊन मिल तीन वर्षं चालू राहिली तरच कर्जात वळतं होतं. तोपर्यंत हप्ते तुम्हालाच भरायचे. म्हणून मी म्हणतो, पहिल्या हंगामात यंत्र घेऊच नका. शेजारच्या गावातल्या मिलवर भरडाई देऊन दहा क्विंटलची डाळ करा आणि विका. ती विकली गेली, गिऱ्हाईक परत आलं, तर कर्जाचा कागद हातात घ्या.

साठा आणि सरकारचे निर्णय

तुरीचा भाव शेतावर ठरत नाही, हे आपण दोनदा पाहिलं. २०१५च्या तेजीनंतर सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस चांगला झाला आणि २०१७च्या उन्हाळ्यात ५,०५० रुपयांच्या हमीभावासाठी खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, मोंढ्यात तूर त्याहून कितीतरी खाली गेली. पुढे जून २०२३मध्ये भाव चढल्यावर साठ्यावर मर्यादा आली, किरकोळ विक्रेत्याला ५ टन. म्यानमार आणि मोझांबिकहून येणारी तूर करमुक्त ठेवायची की नाही हा निर्णय दिल्लीत होतो आणि आठवडाभरात लातूरचा भाव हलतो. म्हणून कर्ज काढून वर्षाची तूर भरून ठेवू नका. दोन-अडीच महिन्यांच्या विक्रीपुरती घ्या, विकली की पुन्हा घ्या. घरची तूर असेल तर तिचीही एकदम डाळ करू नका. सालीसकट तूर डाळीपेक्षा जास्त टिकते, फक्त भुंग्यापासून सांभाळली पाहिजे.

भुंगा शेतातूनच येतो. शेंगेवर घातलेली अंडी दाण्याबरोबर पोत्यात येतात आणि उन्हाळ्यात फुटतात. कडक उन्हं दोन-तीनदा द्या. पोतं भिंतीपासून हातभर लांब आणि लाकडी फळ्यांवर ठेवा, किंवा हवा न शिरणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या धान्य पिशव्या वापरा. मिळतात, आणि पुन्हा पुन्हा वापरता येतात. डाळीतली ओल अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे १४ टक्क्यांच्या आत हवीच, पण पावसाळ्यात टिकायची असेल तर त्याहून बरीच कमी असावी. आर्द्रतामापक बाजार समितीत किंवा खरेदी केंद्रावर असतो, तिथे मूठभर नेऊन मोजून घ्या.

शेवटची मोठी भरडणी मृगाच्या आधी उरका. जून ते सप्टेंबर उन्हं मिळत नाहीत आणि ओलसर तूर रोलमध्ये घातली की काय होतं ते वर लिहिलंच आहे. त्या चार महिन्यांत फक्त आधी केलेली डाळ विका, पाकिटं लहान ठेवा आणि दुकानातलं जुनं पाकीट आधी विकलं जाईल असं मांडायला दुकानदाराला सांगा. एखादं परत आलं तर वाद घालू नका, नवं द्या. परत आलेलं घरी आणून उघडा, ताटात पसरा, घाण्याचा क्रमांक वहीत शोधा आणि त्या दिवशी ऊन किती दिलं होतं ते बघा.